दीड किलो मिठाचा रोजचा हिशोब



बीपीवरचा भाग ऐकून तुमच्या गटांकडून बरेच प्रश्न आले. एकीने विचारलं, “मीठ कमी खा म्हणता, मग जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी का पाजायला सांगता?” दुसरीने विचारलं, “उन्हात काम केलं की लघवी पिवळीजर्द आणि थोडीच का होते?” आणखी एकीचा प्रश्न होता, “अंगदुखीची गोळी पोटात जाते, मग ती किडनीला त्रास कशी देते?” प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे मूत्रपिंडातली केसाहून बारीक नळी आणि त्या नळीच्या भिंतीत बसलेल्या पेशी. या पेशी दिवसरात्र मीठ वाहतात. आज आपण त्यांच्या कामाची ओळख करून घेऊ.

आधी सगळं बाहेर, मग हवं ते आत

आपल्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असतं. आकार मुठीएवढा, घाट घेवड्याच्या दाण्यासारखा, वजन साधारण १५० ग्रॅम. दोन्ही मिळून ३०० ग्रॅम भरतात. पण हृदय जेवढं रक्त ढकलतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. म्हणजे दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त.

एका मूत्रपिंडात साधारण १० लाख छोटी यंत्रं असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनचे दोन भाग. सुरुवातीला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, ती झाली गाळणी. तिच्या पुढे लांब, वळणावळणाची नळी. गाळणीतून रक्तातलं पाणी, मीठ, साखर आणि नको असलेला कचरा असं सगळं खाली नळीत उतरतं. रक्तातल्या तांबड्या पेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी वर राहतात.

हे गाळलेलं पाणी किती असतं? दिवसाला सुमारे १८० लिटर! आपल्या अंगात सगळं मिळून रक्त साडेचार-पाच लिटर. त्यातलं पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जातं, म्हणून आकडा एवढा मोठा होतो. दिवसभरात आपल्याला लघवी होते ती मात्र एक-दोन लिटर. मग बाकीचं पाणी जातं कुठे? नळीच्या भिंतीतल्या पेशी ते परत रक्तात ओढून घेतात.

ही गोष्ट डोळ्यांसमोर सिद्ध व्हायला बराच काळ लागला. १९२४ साली अमेरिकेत आल्फ्रेड रिचर्ड्स आणि जोसेफ वेर्न या दोघांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका गाळणीत काचेची अतिशय बारीक सुई घातली आणि तिथला थेंब काढून तपासला. त्या थेंबात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे साखर गाळणीतून खाली उतरते, आणि वाटेत नळी ती परत घेते.

तुम्ही म्हणाल, आधी सगळं बाहेर टाकायचं आणि मग परत उचलायचं, हा काय उद्योग? पण दिवाळीच्या आधी आपण फडताळ कसं आवरतो ते आठवा. एकेक वस्तू चाचपून नको ती शोधत बसलं तर दिवस पुरत नाही. त्यापेक्षा सगळं अंगणात काढायचं, लागतं तेवढं उचलून आत ठेवायचं. उरलेलं आपोआप कचऱ्यात जातं. मूत्रपिंडही असंच वागतं. त्याला प्रत्येक कचरा ओळखावा लागत नाही. कामाचं काय आहे, तेवढं ओळखलं की झालं. या पद्धतीत एकच अडचण आहे. अंगणातलं सामान परत आत नेण्याचं कष्टाचं काम कोणीतरी करावं लागतं.

दीड किलो मीठ

या सामानात सगळ्यात जास्त असतं ते मीठ. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराईड यांची जोडी. दिवसभरात गाळणीतून जेवढं सोडियम खाली उतरतं, ते सगळं मिठाच्या रूपात मोजलं तर जवळजवळ दीड किलो भरेल. दुकानात मिळणारी एक किलोची पुडी, आणि वर अर्धी. एवढं मीठ रोज बाहेर गेलं तर माणूस दिवसभरही टिकणार नाही. म्हणून शंभर भागांतले नव्याण्णवहून जास्त भाग मीठ परत आत घेतलं जातं. जे काही थोडे ग्रॅम लघवीतून जातं, ते साधारण आपण जेवणातून जास्तीचं घेतलेलं असतं.

मीठ परत घेण्याचं काम नळीच्या लांबीवर वाटून दिलेलं आहे. गाळणीजवळचा पहिला भाग सगळ्यात जास्त ओझं उचलतो. शंभरातले सुमारे पासष्ट भाग तोच परत घेतो. मग नळी मूत्रपिंडाच्या खोल भागात उतरते, वळसा घेते आणि पुन्हा वर येते. वर येताना तिथल्या पेशी आणखी पंचवीस भाग घेतात. उरलेले थोडे भाग शेवटच्या तुकड्यांत घेतले जातात. हे शेवटचे भाग थोडे असले तरी महत्त्वाचे, कारण आज शरीरात मीठ किती ठेवायचं याचा बारीक हिशोब तिथे होतो.

तीन बाहेर, दोन आत

आता एका पेशीत डोकावू. नळीची भिंत म्हणजे पेशींची एकेरी रांग. विटेला विट लावून भिंत रचावी तशी. प्रत्येक विटेचं पुढचं तोंड नळीकडे, मागचं तोंड रक्ताकडे. मीठ पुढच्या तोंडातून आत यायचं आणि मागच्या तोंडातून रक्ताकडे जायचं, असा रस्ता आहे.

मागच्या तोंडावर पंप बसवलेले असतात. एका पेशीवर असे लाखो पंप. हा पंप एका फेरीत सोडियमचे तीन कण पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. तीन बाहेर, दोन आत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ या शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर प्रयोग करताना हा पंप शोधला. त्यासाठी त्याला १९९७ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. खेकड्याच्या पायात जो पंप आहे, तोच आपल्या मेंदूत, स्नायूत आणि मूत्रपिंडात आहे.

पंप सतत चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम फार कमी राहतं, बाहेरच्या मानाने साधारण दहावा हिस्सा. विहिरीतलं पाणी मोटरने सारखं उपसत राहिलं की आजूबाजूचे झरे आपसूक विहिरीत वाहू लागतात. इथे तसंच होतं. मागून उपसा चालू असतो, म्हणून पुढच्या बाजूने नळीतलं सोडियम आपल्या पायाने आत येतं. त्याला आत आणायला वेगळा खर्च लागत नाही. खर्च लागतो तो फक्त मोटरचा.

आणि पाणी? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. नळीच्या पहिल्या भागात पेशींनी मीठ रक्ताकडे नेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. पाणी ओढायला वेगळा पंप शरीरात नाहीच. मीठ हलवायचं, म्हणजे पाणी हलतं.

चुलीला हवा लागते

मोटरला वीज लागते, तशी या पंपाला शक्ती लागते. शरीरातली शक्ती एटीपी नावाच्या पदार्थात साठवलेली असते. पंपाची एक फेरी झाली की एक एटीपी खर्ची पडतो. तो तयार होतो पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये. ती पेशीची चूल समजा. अन्न हे जळण, आणि प्राणवायू ही चुलीला लागणारी हवा. नळीच्या पेशी खुर्दबिनीखाली पाहिल्या तर मागच्या बाजूला, पंपांना खेटून, या चुलींची दाटी दिसते. पहिल्या भागातल्या पेशी जळण म्हणून मुख्यतः चरबी वापरतात. चरबीतून शक्ती भरपूर मिळते, पण ती जाळायला हवाही भरपूर लागते. हवा कमी पडली की ही चूल लगेच विझू लागते.

म्हणूनच ३०० ग्रॅम वजनाची ही जोडी, आपण स्वस्थ बसलो असताना, सगळ्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला शंभरी सात ते दहा हिस्सा एकटी वापरते. शरीराच्या वजनात तिचा वाटा शंभरी अर्धाच. या प्राणवायूपैकी बहुतेक सगळा एका कामाला जातो, तो म्हणजे सोडियमचा उपसा. जितकं मीठ परत ओढायचं, तितका प्राणवायू लागतो.

कडेवरचं मूल

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एसटीत आई कडेवर लहान मूल घेऊन चढते. मुलाला वेगळं तिकीट लागत नाही. नळीच्या पहिल्या भागात साखर अशीच सोडियमच्या कडेवर बसून पेशीत येते. पुढच्या तोंडावर असे खास दरवाजे आहेत की सोडियम आणि साखर बरोबर असतील तरच उघडतात. दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळणीतून उतरते आणि ती जवळजवळ सगळी अशी परत येते.

आपल्या आतड्यातही याच जातीचे दरवाजे आहेत. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडीची कल्पना पहिल्यांदा मांडली. जुलाब लागले तरी आतड्यातले हे दरवाजे चालूच राहतात. नुसतं पाणी प्यायलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. पण पाण्यात थोडं मीठ आणि थोडी साखर असेल तर दोघं हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे येतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून लोकांना प्यायला द्यायला सुरुवात केली. मरणाचं प्रमाण शंभरी तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं.

तर बायांनो, “मीठ कमी खा” आणि “जुलाबात मीठ-साखरेचं पाणी द्या” या दोन सल्ल्यांत भांडण नाही. एक सल्ला रोजच्या ताटाचा आहे. दुसरा शरीरातलं मीठ-पाणी वाहून जात असतानाचा आहे.

साखरेचे दरवाजे मोजकेच असतात हेही लक्षात ठेवा. रक्तात साखर फार वाढली की सगळे दरवाजे भरून जातात आणि उरलेली साखर लघवीत जाते. लघवीला मुंग्या लागतात असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते यामुळेच. मधुमेहात नळीच्या पेशी जास्तीची साखर ओढतात, तिच्याबरोबर जास्तीचं सोडियमही ओढतात, आणि त्यांचं काम वाढत जातं. अलीकडे मधुमेहाच्या काही गोळ्या हे दरवाजेच थोडे लोटून घेतात, म्हणजे साखर लघवीवाटे निघून जाते आणि मूत्रपिंडालाही आराम मिळतो. अशा द्रव्याचा पहिला नमुना १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत सापडला होता. पण या गोळ्या डॉक्टरांनी तपासून द्यायच्या असतात. शेजारणीच्या डब्यातून घ्यायच्या नसतात.

टेलची जमीन

आता उन्हातल्या पिवळ्या लघवीकडे येऊ. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी भरपूर मिळतं. टेलच्या जमिनीला मिळेल तेवढंच. मूत्रपिंडातही तसं आहे. बाहेरच्या सालीसारख्या भागाला रक्त भरपूर येतं. आतल्या खोल भागाला मात्र एकूण रक्ताचा साधारण दहावा हिस्साच पोहोचतो. ही कंजुषी मुद्दाम केलेली आहे. त्या खोल भागात पेशींनी मीठ साठवून ठेवलेलं असतं. तिथून रक्त जोरात वाहिलं तर ते मीठ धुऊन जाईल.

मीठ साठवायचं कशाला? पुन्हा कैरीच्या फोडी आठवा. नळीचा शेवटचा तुकडा या खारट भागातून जातो. अंगात पाणी कमी असलं की मेंदू एक संदेश पाठवतो, नळीच्या त्या तुकड्यात पाण्याच्या वाटा उघडतात आणि आजूबाजूचं मीठ नळीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. ते पाणी रक्तात परत येतं. मागे उरते ती थोडी, घट्ट, पिवळी लघवी. माणसाचं मूत्रपिंड लघवी रक्ताच्या साधारण चौपट घट्ट करू शकतं. पाणी वाचवायची ही सोय नसती तर उन्हाळ्यात आपण शेतात उभ्या राहू शकलो नसतो.

पण या सोयीची किंमत खोल भागातल्या पेशी मोजतात. मीठ उपसण्याचं जड काम त्यांच्याकडे आणि प्राणवायू सगळ्यात कमी त्यांनाच. एरवीही त्या काठावरच जगतात. अंगातलं पाणी कमी झालं, रक्त आणखी आटलं, की पहिला फटका टेलच्या जमिनीला बसतो. चूल विझते, पंप थांबतात, पेशी सुजतात. फार वेळ असंच राहिलं तर पेशी मरून नळीत गळून पडतात आणि नळी तुंबते. लघवी एकदम कमी होते. याला डॉक्टर मूत्रपिंडाची अचानक झालेली इजा म्हणतात.

दुखण्याची गोळी मध्ये कुठे आली?

रक्त कमी झालं की शरीर रक्तवाहिन्या आवळून घेतं, म्हणजे मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरतं. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःच्या वाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. टेलच्या शेताला पाणी सोडणारा हा जणू पाटकरीच. याच जातीची द्रव्यं शरीरात दुखरेपणा आणि सूजही आणतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या ही द्रव्यं तयार होणं थांबवतात. म्हणून दुखणं थांबतं. पण त्याच वेळी पाटकरीही घरी जातो.

तब्येत चांगली आहे, पाणी पोटभर प्यायलं आहे, अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली एखादी गोळी सहसा त्रास देत नाही. धोका असतो तो गोष्टी एकत्र आल्या की. दिवसभर उन्हात खुरपणी किंवा ऊसतोड, पाणी कमी, घाम जास्त, आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातून आणलेली गोळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किंवा जुलाब-उलट्या चालू असताना तापासाठी अशी गोळी. त्यात बीपीची किंवा लघवी होण्याची गोळी आधीपासून चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांच्या प्रशांत महासागराकडच्या पट्ट्यात ऊस तोडणाऱ्या मजुरांची मूत्रपिंडं तरुण वयातच निकामी होऊ लागली. त्यांना ना मधुमेह होता, ना बीपीचा जुना आजार. उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि पाण्याचा तुटवडा हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथे आता कामाच्या जागी तीन शब्द सांगितले जातात. पाणी, विश्रांती, सावली. आपल्याकडेही मराठवाड्यातून दरवर्षी लाखो जोडपी ऊसतोडीला जातात. कोयता धरणाऱ्या बाईला हे तीन शब्द तितकेच लागू आहेत. तिच्या बाबतीत चौथाही शब्द जोडावा लागेल, आडोसा. लघवीला जायला जागा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. यात दोष बाईच्या सवयीचा नाही. जागाच नसते. आणि त्याची झळ त्या खोल भागातल्या पेशींना लागते.

मिठाची चावी

आता रोजच्या ताटाचं मीठ. नळीच्या शेवटच्या तुकड्यात किती मीठ परत घ्यायचं हे अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिथून ते येतं. मीठ-पाणी कमी पडलं की अल्डोस्टेरॉन वाढतं, पेशींत पंप आणि दरवाजे वाढतात, मीठ राखलं जातं. मीठ जास्त झालं की ते कमी होतं आणि जास्तीचं मीठ लघवीत सोडलं जातं.

पण रोज ठेचा, पापड, लोणचं, फरसाण आणि वरून ताटात चिमूट असं चालू राहिलं तर मीठ बाहेर काढणं सगळ्यांच्या मूत्रपिंडाला सारखं जमत नाही. मीठ अंगात राहतं, ते पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. वाढलेला दाब वर्षानुवर्षं गाळणीवर आदळत राहिला की गाळण्या एकेक करून बंद पडतात. बीपीसाठी ‘लघवीची गोळी’ देतात ती नळीतला मिठाचा एखादा दरवाजा बंद करते. मीठ लघवीत जातं, त्याच्या मागे पाणी जातं, दाब उतरतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात भाजी, आमटी, भाकरी, पापड सगळं आलं. बाजारात ‘कमी सोडियमचं’ मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्यांचं मूत्रपिंड कमकुवत आहे त्यांच्या अंगात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पेशी पुन्हा उभ्या राहतात, नेफ्रॉन मात्र नाही

एक दिलाशाची गोष्ट सांगतो. नळीच्या पेशी चिवट आहेत. काही मेल्या तर जगलेल्या पेशी पसरतात, विभागतात आणि काही आठवड्यांत भिंत पुन्हा लिंपून घेतात. वेळेवर उपचार मिळाले तर लघवी बंद पडलेला माणूसही बरा होऊन घरी येतो. पण इजा पुन्हा पुन्हा झाली तर लिंपण नीट बसत नाही, तिथे वण तयार होतो आणि तो नेफ्रॉन कायमचा जातो. नवीन नेफ्रॉन तयार होत नाही.

आपल्याला जन्मभर पुरायचे तेवढे नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात, साधारण नवव्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत. बाळ कमी वजनाचं जन्मलं तर त्याच्याकडे नेफ्रॉनही सहसा कमी असतात, आणि मोठेपणी बीपीचा, मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो. म्हणजे पोटुशी सून पोटभर जेवली, तिला विश्रांती मिळाली, तर पन्नास वर्षांनंतरच्या आजाराला आपण आजच अडवतो.

गटाने काय करायचं

लघवीचा रंग बघायची सवय लावा. फिकट पिवळा चांगला. गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय. तहान लागायची वाट न बघता कामावर थोडं थोडं पाणी पीत राहा. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, अंगाला सूज आहे, त्यांनी किती पाणी प्यायचं हे डॉक्टरच सांगतील.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी आणा. उपकेंद्रात, आशाताईकडे मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा. मीठ यापेक्षा जास्त घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं पाणी ओतून द्या. बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला जुलाब लागले तर त्या गोळ्यांचं काय करायचं हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका आणि तशाच चालूही ठेवू नका.

अंगदुखीची गोळी रोजची करू नका. कंबर रोज दुखते म्हणजे तिचं कारण शोधायला हवं.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्यावी. ज्यांना बीपी किंवा मधुमेह आहे त्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन या दोन तपासण्याही करून घ्याव्यात. मूत्रपिंड बराच काळ तक्रार करत नाही. पायावर सूज येईपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असू शकतं. बारा-बारा तास लघवी झाली नाही, चेहरा सुजला, लघवी लाल किंवा चहासारखी झाली, तर घरी थांबू नका.

आणि शेवटचं काम एकटीने होणारं नाही. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी हा मजुराचा हक्क आहे, हे २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केलं होतं. मुकादमाकडे, शेतमालकाकडे, ग्रामसभेत हा विषय मांडताना त्यात आडोसा म्हणजे लघवीची सोय हेही जोडा. भर दुपारी तासभर काम थांबवण्याची मागणी करा. एका बाईने मागितलं तर तिला लाडावलेली म्हणतील. वीस जणींच्या गटाने ठराव करून मागितलं तर ऐकावं लागेल.

तुमच्या गावात असा ठराव झाला तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तो सगळ्यांना वाचून दाखवू. तोवर घोटभर पाणी प्या, आणि शेजारी खुरपणाऱ्या बाईलाही तांब्या पुढे करा.